कुलगुरूंची नेमणूक आणि पदवीधराचे मत

मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या पूर्वेस आणि पश्चिमेस, जिथे एके काळी मिठागरे आणि भातशेती होती तिथे, गेल्या चार दशकांत जी दाट वस्ती उभी राहिली आणि जिची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ भरली, त्या वस्तीतील हजारो घरांच्या कपाटांत मुंबई विद्यापीठाचे पदवीपत्र जपून ठेवलेले असते. नोकरीच्या अर्जासाठी, परदेशगमनाच्या कागदपत्रांसाठी, क्वचित लग्नाच्या बोलणीतही ते बाहेर काढले जाते. त्यावरील नाव बरोबर आहे की नाही, श्रेणी कोणती लिहिली आहे, हे घरातली माणसे बारकाईने पाहतात. परंतु त्याच्या पायथ्याशी कुलगुरूंची जी स्वाक्षरी असते, ती करणारी व्यक्ती त्या पदावर कोणी बसवली, कोणत्या कसोटीने बसवली आणि तिला तेथून उठविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतही क्वचितच निघतो. या लेखाचा विषय तोच आहे.

आपल्या शहराला स्वतःचे विद्यापीठ नाही. अभिनव, शंकर नारायण, रीना मेहता, रॉयल ही आपल्याकडची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. आणि ज्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांवर पसरलेले आहे, ज्याला आठशेहून अधिक महाविद्यालये जोडलेली आहेत, त्याच्या दृष्टीने भाईंदरचा विद्यार्थी हा एका प्रचंड यादीतील एक आसनक्रमांक असतो. अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कधी, निकाल केव्हा, महाविद्यालयाला नवीन तुकडी मिळेल की नाही, हे सारे फोर्टच्या जुन्या इमारतीत किंवा कालिन्याच्या संकुलात ठरते. आपल्या शहरातील अनेक महाविद्यालये विनाअनुदानित आहेत. म्हणजे सरकार त्यांच्या प्राध्यापकांच्या वेतनाला एक रुपयाही देत नाही, पालकांच्या खिशातून सर्व खर्च चालतो, आणि तरीही ज्या विद्यापीठाच्या हुकमतीखाली ती चालतात त्याचा प्रमुख निवडण्याच्या प्रक्रियेत सरकारचा हात पहिल्या पायरीपासून असतो. पालकाचा तेथे कसलाच हात नसतो. पदवीधराचा असतो, पण अगदी थोडा. आणि तो थोडा भाग किती अनमोल आहे हे पटविण्यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

२०१७ च्या उन्हाळ्याची आठवण ज्या घरांत पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता, त्या घरांना अजून असेल. परीक्षांचा हंगाम सुरू झालेला असताना विद्यापीठाने त्या वर्षापासून उत्तरपत्रिका कागदावर न तपासता त्यांच्या प्रतिमा काढून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय अमलात आणला. उत्तरपत्रिका होत्या सुमारे १७ लाख, परीक्षा होत्या ४७७. नवी पद्धत मुळात वाईट होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु एवढ्या प्रचंड कामाची रंगीत तालीम झाली नाही, प्राध्यापकांना पुरेसे प्रशिक्षण मिळाले नाही, यंत्रणा वारंवार बंद पडली, काही उत्तरपत्रिका एकमेकींत मिसळल्या, काही सापडेनाशा झाल्या, आणि परीक्षेस बसलेले विद्यार्थी निकालपत्रात अनुपस्थित म्हणून नोंदले गेले. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून फार तर ४५ दिवसांत निकाल लागलाच पाहिजे. जून गेला, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही गेली, आणि शेवटचे निकाल सप्टेंबर उजाडला तेव्हा लागले. दरम्यान पदव्युत्तर प्रवेशाच्या मुदती उलटत होत्या, परराज्यांतील आणि परदेशांतील संस्था गुणपत्रक मागत होत्या, आणि विरारहून वा भाईंदरहून गाडीला लोंबकळत निघालेली मुले कालिन्याच्या परीक्षा भवनाच्या खिडकीपुढे उभी राहून तेच उत्तर ऐकून परत येत होती.

त्या प्रकरणाची अखेर कुलगुरू संजय देशमुख यांच्या बडतर्फीत झाली. त्यांना प्रथम रजेवर पाठविण्यात आले, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे मुंबईचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला, आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी कुलपती या नात्याने देशमुख यांना पदावरून दूर केले. १८५७ पासूनच्या मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरू बडतर्फ होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. लोकांना वाटले, न्याय झाला. एका अर्थी झालाही. ज्याच्या सहीने निर्णय झाला त्याने त्याचे फळ भोगले. परंतु एवढा मोठा निर्णय एकट्याच्या सहीने होऊ शकला कसा, हा प्रश्न त्या निकालाच्या धुरळ्यात मागे पडला. विद्यापीठाच्या कायद्यात कुलगुरूंच्या वर आणि आजूबाजूला अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद अशी मंडळे कल्पिलेली आहेत, ती नेमकी यासाठी की एका माणसाच्या घाईला चार माणसांनी हात धरून थांबवावे. २०१७ मध्ये ती निवडून आलेली मंडळे जागेवर नव्हती. जुन्या अधिसभेची मुदत २०१५ मध्ये संपली होती. नवा विद्यापीठ कायदा यायचा आहे, तेव्हा निवडणुका सध्या नकोत, असे राज्य सरकारने ठरवले. तो कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. आणि नव्या अधिसभेवर पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून आले ते २०१८ मध्ये. मधल्या काळात प्रश्न विचारणाऱ्यांची बाके रिकामी होती. त्या बाकांवर माणसे असती तर अनर्थ टळलाच असता असे शपथेवर सांगता येणार नाही, पण तयारी कुठवर आली हे विचारणारा आवाज तरी सभागृहात उमटला असता.

आता कुलगुरू नेमले कसे जातात ते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे राज्यपाल हे आपल्या पदाच्या नात्याने प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाचे कुलपती असतात. कुलगुरूंचे पद रिकामे व्हायचे झाले की एक शोध समिती नेमली जाते. या अधिनियमाने मूळची जी रचना केली तीत तिघे होते: कुलपतींनी नेमलेला अध्यक्ष, जो निवृत्त न्यायमूर्ती किंवा नामांकित विद्वान असावा; राज्य सरकारचा प्रधान सचिव दर्जाचा अधिकारी; आणि विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने व विद्यापरिषदेने मिळून सुचविलेला एखाद्या राष्ट्रीय संस्थेचा प्रमुख. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे समितीत आयोगाचाही प्रतिनिधी असावा लागतो, आणि ते नियम राज्यांवर बंधनकारक आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुजरात व केरळच्या खटल्यांत स्पष्ट केल्यावर त्या दिशेने बदल अटळ झाले. समिती अर्ज मागविते, मुलाखती घेते, निदान पाच नावे कुलपतींकडे पाठविते, आणि कुलपती त्यांतून एक निवडतात. मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंतची, जी आधी संपेल ती. त्याच विद्यापीठात दुसरी मुदत नाही. या साऱ्या साखळीत विद्यापीठाचा स्वतःचा दुवा एकच, आणि तोही अप्रत्यक्ष आहे. विद्यापीठात शिकविणारे, तेथून शिकून गेलेले आणि तेथे शिकत असलेले यांच्यापैकी कोणालाही त्या पाच नावांविषयी विचारले जात नाही.

ही व्यवस्था इंग्रजांची देणगी आहे. १८५७ च्या जुलैत मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला तेव्हा इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे पहिले कुलपती झाले, आणि कुलगुरू सरकारने नेमावा, फेलोही सरकारनेच नेमावेत, हा शिरस्ता पडला. त्या शिरस्त्यातून चांगली माणसे आलीच नाहीत असे नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, आणि त्यांच्या पाठोपाठ रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दोघांची विद्वत्ता अशी होती की नेमणारा कोण हे विचारण्याचे कारण पडू नये. परंतु चांगला माणूस नेमला गेला म्हणून नेमण्याची रीत चांगली ठरत नाही, आणि हे आपल्या पूर्वजांना फार लवकर उमगले होते. लॉर्ड कर्झन यांनी १९०४ चा विद्यापीठ कायदा आणला तेव्हा मुंबईसारख्या विद्यापीठाच्या अधिसभेत १०० पर्यंत सदस्य असावेत आणि त्यांपैकी केवळ २० निवडून यावेत, १० नोंदणीकृत पदवीधरांमधून आणि १० विद्याशाखांमधून, बाकीचे सारे कुलपतींनी नेमावेत, अशी योजना होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तिला कसून विरोध केला. सरकारला विद्यापीठाचा दर्जा वाढवायचा नसून ते आपल्या मुठीत आणायचे आहे, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता.

कायदा झाला, पण मुंबईने तो मुकाट्याने गिळला नाही. नव्या रचनेच्या अंमलबजावणीत सरकारकडून विधिविषयक चुका झाल्या. फिरोजशहा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उघडकीस आणल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात नेले. तेव्हा कर्झन सरकारने १९०५ मध्ये खास कायदा करून झालेल्या चुका वैध ठरविल्या. गोखल्यांनी त्याही विधेयकाला विरोध केला. ज्या सरकारला न्यायालयात हरण्याची भीती वाटते ते कायदाच बदलून टाकते, हा अनुभव मराठी माणसाला तेव्हापासूनचा आहे. बंगालचा अनुभव निराळा नव्हता. १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी आशुतोष मुखर्जी यांना कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरुपद पुन्हा देऊ केले, पण सरकारच्या धोरणाशी जुळवून घेण्याची अट घातली. मुखर्जींनी ते पद साफ नाकारले. पद हवे असूनही अटीमुळे ते नाकारणारी माणसे ज्या समाजात असतात त्या समाजातील विद्यापीठांची स्वायत्तता कायद्यावाचूनही थोडीबहुत टिकते.

सरकारचा हात अजिबात नको असे म्हणणाऱ्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते सरकारी सनदेवाचून. लोकांच्या वर्गणीवर, आजीव सेवकांच्या त्यागावर आणि पुढे १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी देऊ केलेल्या १५ लाखांच्या देणगीवर ते उभे राहिले. मराठीतून आणि इतर देशी भाषांतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस ते करू शकले, याचे एक कारण असे की कोणत्याही खात्याची परवानगी त्यांना घ्यावयाची नव्हती. पण त्याची किंमतही होती: स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्या पदव्यांना सरकारची कायदेशीर मान्यता नव्हती, आणि तेथून पदवी घेतलेल्या स्त्रियांना त्याची झळ सोसावी लागली. तेव्हा सरकारशी काही संबंध असावाच लागतो. तो किती असावा आणि कोणत्या दाराने असावा, एवढाच वाद आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेही हाच विवेक सांगितला होता: उच्च शिक्षणाला पैसा पुरविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, पण पैसा दिला म्हणून विद्येच्या धोरणावर ताबा मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरांच्या जागी राज्यपाल आले, १९५३, १९७४, १९९४ आणि २०१६ असे एकामागून एक कायदे झाले, पण कुलपतीच्या खुर्चीची जागा हलली नाही. सत्तेची छाया विद्यापीठावर पडली की काय होते याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबई विद्यापीठानेच दिले आहे. १९८५ च्या एम.डी. परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या गुणांत फेरफार झाल्याचा आरोप झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने प्रतिकूल अभिप्राय नोंदविला, आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या प्रकरणात एका मंत्रिमंडळाचा प्रमुख गेला, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. माझ्या मनात मात्र उत्तरपत्रिकांचे ते दफ्तर राहिले आहे. परीक्षा विभागातील कनिष्ठ माणूस आणि मंत्रालयातील सर्वोच्च माणूस यांच्यामध्ये ज्या संस्थेची भिंत उभी असायला हवी, ती भिंत एवढी पातळ असेल तर भाईंदरच्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाला कोणाचा आधार?

अलीकडचा वाद २०२१ चा. त्या वर्षी २८ डिसेंबरला महाविकास आघाडी सरकारने विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतले. त्यात दोन गोष्टी होत्या. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री हे प्र-कुलपती व्हावेत, ही एक. आणि शोध समितीने पाच नावे थेट राजभवनाकडे न पाठविता राज्य सरकारकडे पाठवावीत, सरकारने त्यांतील दोन राज्यपालांपुढे ठेवावीत आणि त्या दोहोंतून एकाची नेमणूक त्यांनी करावी, ही दुसरी. विरोधकांनी हे विद्यापीठांचे राजकीयीकरण आहे असे म्हणून सभात्याग केला. सत्ताधाऱ्यांचे म्हणणे होते की लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला केंद्राने नेमलेल्या राज्यपालाइतकाही अधिकार का नसावा. राज्यपालांची संमती त्या विधेयकाला मिळाली नाही, २०२२ च्या जूनअखेरीस सरकार बदलले, आणि नव्या सरकारने ते विधेयक मागे घेतले. हीच झुंज याच सुमारास पश्चिम बंगाल, केरळ आणि तमिळनाडूत अधिक कडवटपणे चालू होती.

या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि दोन्ही पक्ष मुख्य गोष्ट बोलत नाहीत. राज्यपाल हे केंद्र सरकारच्या मर्जीपर्यंत पदावर असतात, आणि प्र-कुलपती होऊ पाहणारा मंत्री हा पक्षाचा माणूस असतो. राजभवन मलबार हिलवर आहे आणि मंत्रालय नरिमन पॉइंटला. दोघांच्या मध्ये जी रस्सीखेच चालते ती सत्तेच्याच दोन वाड्यांमधली आहे, आणि कोणताही वाडा जिंकला तरी विद्यापीठ जिंकत नाही. मुंबईत आणि दिल्लीत एकाच पक्षाचे राज्य असले की दोन्ही हात एकाच देहाचे होतात, आणि मग वादच उरत नाही. वाद उरला नाही म्हणून स्वायत्तता आली, असे मात्र कोणी समजू नये. केरळच्या कण्णूर विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कुलगुरूंची फेरनेमणूक रद्द केली, ती पात्रतेच्या मुद्द्यावर नव्हे, तर कुलपतींनी स्वतःच्या विवेकाने निर्णय न घेता राज्य सरकारच्या सांगण्यावरून घेतला, या एका कारणावरून. हा दंडक महत्त्वाचा आहे. पण विवेक स्वतंत्र ठेवा असे न्यायालयाने सांगितल्याने तो स्वतंत्र होतोच असे नाही.

कुलगुरूंच्या नेमणुकीची बातमी तरी होते. सरकारचा जो दुसरा हात विद्यापीठाच्या तिजोरीवर आणि आस्थापनेवर असतो, त्याची बातमीही होत नाही. अधिनियमाच्या आठव्या कलमाप्रमाणे राज्य सरकारच्या मान्यतेवाचून विद्यापीठाला नवे पद निर्माण करता येत नाही, वेतनमान बदलता येत नाही, विशिष्ट कामासाठी मिळालेला निधी दुसऱ्या कामाकडे वळविता येत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे, तेव्हा यातील बरेचसे योग्यच आहे. परंतु निवृत्त प्राध्यापकाची जागा भरण्यासाठीही जेव्हा फाइल मंत्रालयात जाते, वित्त विभागात अडकते, शेरा मारून परत येते आणि पुन्हा जाते, तेव्हा वर्षामागून वर्ष ती जागा रिकामी राहते, आणि तिचे काम तासिका तत्त्वावर नेमलेला एखादा तरुण करतो, ज्याला दर तासाचे मानधन मिळते आणि सुट्टीत तेही मिळत नाही. असा अध्यापक अधिसभेत उभा राहून कुलगुरूंना खडा सवाल विचारील ही अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. कोणाचीही नेमणूक न करता, कोणताही हुकूम न काढता, केवळ फाइलवर बसून विद्यापीठ गप्प करता येते, आणि हा प्रकार मला कुलगुरूंच्या नेमणुकीहून अधिक घातक वाटतो.

राहता राहिली अधिसभा. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी असतात. त्याखेरीज प्राचार्य, अध्यापक, व्यवस्थापनांचे प्रतिनिधी, पदसिद्ध अधिकारी आणि कुलपतींनी नामनिर्देशित केलेले सदस्य. विद्यापीठाचा वार्षिक अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो, आणि प्रश्नोत्तराच्या तासात निकालाच्या दिरंगाईपासून वसतिगृहाच्या गळत्या छतापर्यंत सर्व काही विचारता येते. पदवीधरांच्या त्या १० जागांची मुदत ऑगस्ट २०२२ अखेर संपली. पुढच्याच महिन्यात कुलगुरू सुहास पेडणेकर यांचीही मुदत पुरी झाली, आणि पुन्हा एकदा शिवाजी विद्यापीठाच्याच कुलगुरूंना, या वेळी दिगंबर शिर्के यांना, मुंबईचा कार्यभार सांभाळावा लागला. रवींद्र कुलकर्णी यांची नेमणूक झाली ती जून २०२३ मध्ये. म्हणजे नऊ महिने देशातील एक अतिविशाल विद्यापीठ कोल्हापुरातील जबाबदारी सांभाळून येणाऱ्या प्रभारी कुलगुरूंवर चालले, आणि त्याच वेळी पदवीधरांच्या दहाही खुर्च्या मोकळ्या होत्या.

निवडणूक जाहीर झाली ऑगस्ट २०२३ मध्ये. मतदान १० सप्टेंबरला व्हायचे होते. १७ ऑगस्टच्या रात्री विद्यापीठाने ती स्थगित केली. मतदारयादीत दुबार नावे असल्याची तक्रार सत्तापक्षाच्या एका आमदारांनी केली होती; यादी नव्याने करण्याचे ठरले, आणि वर्ष त्यातच गेले. पुढे २२ सप्टेंबर २०२४ हा रविवार मतदानासाठी मुक्रर झाला. उमेदवारांचा प्रचार संपला, मतदान केंद्रे ठरली, आणि शुक्रवार दिनांक २० रोजी, मतदानाला दोन दिवस उरले असताना, राज्य सरकारच्या पत्राचा हवाला देऊन विद्यापीठाने निवडणूक पुन्हा स्थगित केल्याचे परिपत्रक काढले. निवडून आलेल्या सरकारने विद्यापीठातील निवडणूक थांबवावी, आणि स्वायत्त म्हणविणाऱ्या विद्यापीठाने ती निमूटपणे थांबवावी, यापरते दुर्दैव कोणते? उमेदवार शनिवारी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्याच दिवशी सुनावणी घेऊन स्थगितीला स्थगिती दिली आणि मंगळवार, २४ सप्टेंबरला मतदान घेण्याचा आदेश दिला. मतदान झाले, नोंदविलेल्या १३ हजारांहून अधिक मतदारांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनी ते केले, आणि २७ तारखेच्या निकालात २०१८ प्रमाणेच सर्वच्या सर्व १० जागा युवासेनेकडे गेल्या.

अधिसभेची निवडणूकही राजकीय पक्षांच्याच संघटना लढवतात, हा आक्षेप खरा आहे. पदवीधरांचे प्रतिनिधी म्हणून निवृत्त शिक्षक, संशोधक, ग्रंथपाल, वकील अशी स्वतंत्र माणसे यावीत, ही आपली इच्छा असावी, पण ती येत नाहीत याचा दोष पक्षांना देऊन भागत नाही. सात जिल्ह्यांत मुंबई विद्यापीठाचे पदवीधर लाखोंनी आहेत, आणि नोंदविलेले मतदार होते तेरा हजारांच्या घरात. जिथे यादीच एवढी लहान, तिथे जो संघटित आहे तो जिंकणारच. आणि निवडून आलेला पक्षीय सदस्यसुद्धा नेमलेल्या सदस्याहून एका बाबतीत बरा असतो: त्याला पुन्हा आपल्यापुढे मत मागायला यायचे असते. तोच न्याय विद्यार्थ्यांना लावावा. महाविद्यालयीन निवडणुका १९९० च्या दशकारंभी बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, आणि तरुण वर्षानुवर्षे मतपेटीची वाट पाहत पदव्या घेऊन बाहेर पडले.

तेव्हा माझे मत असे आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता मांडतो. सरकारने विद्यापीठाला पैसा द्यावा, हिशेब तपासावा, आरक्षणाची आणि शुल्काच्या मर्यादेची अंमलबजावणी करून घ्यावी. गरिबाच्या मुलाला प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याचा अधिकार सरकारचाच आहे, कारण शिक्षणसंस्थाचालकांच्या हाती ते सोडले तर काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. परंतु कुलगुरू शोधणाऱ्या समितीत बहुमत विद्यापीठातील निवडून आलेल्या मंडळांनी पाठविलेल्या विद्वानांचे असावे, शेवटची पाच नावे त्यांच्या पात्रतेसह जाहीर व्हावीत, पद रिकामे होण्याच्या सहा महिने आधी शोध सुरू होण्याची सक्ती असावी, आणि अधिसभेची निवडणूक पुढे ढकलण्याचा अधिकार सरकारला किंवा कुलगुरूंना कोणत्याही सबबीखाली नसावा. यातील कोणतीही गोष्ट करायला पैसा लागत नाही.

मीरा-भाईंदरच्या पदवीधराला यात करण्यासारखे एक काम आहे. कोकण पदवीधर मतदारसंघाच्या यादीत आपले नाव असेल तर त्या आधारे विधान परिषदेसाठी मत देता येते. विद्यापीठाची नोंदणीकृत पदवीधरांची यादी त्याहून अगदी वेगळी आहे, आणि एका यादीत नाव आहे म्हणून दुसरीत आपोआप येत नाही. पुढच्या वेळी विद्यापीठ नोंदणीची मुदत जाहीर करील तेव्हा पदवीपत्राची प्रत काढून अर्ज भरा, घरातल्या प्रत्येक पदवीधराकडून भरून घ्या, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला पक्ष विचारण्याआधी निकाल, रिक्त जागा आणि शोध समिती यांविषयी त्याचे म्हणणे काय ते विचारा.